उजवा ओठ

११ फेब्रुवारी

पाथरीचं लग्न. सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातनं सदऱ्यावर आलं. लक्ष दिलं न्हाई. जीपमधी मागं बसून आलो होतो, वारं लागलं असंल.

वरात मारुतीपाशी थांबली. दादानं हात वर केला, मी वरचा सूर घ्यायला गेलो. फुंक बाजूनं निसटली. फुस्स. परत घेतला, परत तेच. दादानं वळून बघितलं. थोरला भाऊ म्हणून न्हाई, बँडचा मालक म्हणून. क्लॅरिनेटवाल्यानं सांभाळून घेतलं. पाहुण्यांना काय कळलं न्हाई. मागं डीजे होताच.

एकोणीस वर्षं ट्रम्पेट वाजवायलोय. फुंक अशी कधी गेली न्हवती.

१२ फेब्रुवारी

मीरा चहा घेऊन आली अन् कप हातातच धरून उभी राहिली. म्हणली, "अहो, तुमचं तोंड असं का दिसायलंय?"

आरशात बघितलं. डावीकडं मी. उजवीकडं कुणीतरी झोपलेला माणूस. डोळा मात्र उघडा.

"हसा बरं," म्हणली. हसलो. अर्धा हसला.

साडेनऊच्या गाडीनं सेलूहून परभणी. डॉक्टरांनी कपाळ वर करायला लावलं, गाल फुगवायला लावला, शिट्टी वाजवायला लावली. एकही जमलं न्हाई. टाचणी टोचली ती कळली. म्हणले, "चेहऱ्याची नस सुजली आहे. मेंदूचा लकवा नाही, घाबरू नका." मी घाबरलो न्हवतो. मला काहीच झालं न्हवतं. मीरा घाबरली होती.

"काय काम करता?" विचारलं. ट्रम्पेट वाजवतो म्हणलो. मधला प फुटला. दोनदा सांगावं लागलं.

"किती दिवस?"

"काहींचं तीन आठवड्यांत येतं. काहींना महिने लागतात. काहींचं थोडं राहून जातं. तोवर वाजवायचं नाही."

गोळ्या. डोळ्यात थेंब. झोपताना डोळ्यावर पट्टी. आरशासमोर व्यायाम तीन वेळा, आणि रोज काय हललं ते लिहून ठेवायचं. म्हणून हे, कालचं पण आजच लिहिलं. बँडच्या जुन्या बुकिंग डायरीत कोरी पानं लय होती.

आज: काही हललं न्हाई.

१४ फेब्रुवारी

हललं न्हाई.

१५ फेब्रुवारी

दादा आला. दारातनंच माझ्या तोंडाकडं बघितलं अन् खाली बसला. चप्पल काढायची विसरला.

"मानवतहून एक जण बोलवलाय. हंगाम हाय, पल्हाद. तुझी जागा तुझीच हाय, पण..."

म्हणलं, बरं केलं.

"हे त्या पोरांमुळं झालं. दर रविवारी त्या गोदामात जाऊन फुफ्फुस फाडून घ्यायचं. ते काय वाजवणं हाय? गिरणी चालू असल्यासारखं."

डॉक्टर म्हणले त्याचा काय संबंध न्हाई, असं मीरानं सांगितलं. दादा म्हणला, डॉक्टरनं ऐकलंय का ते?

आज: हललं न्हाई.

१७ फेब्रुवारी

प, ब, म येत न्हाईत. ओठ मिटंना. माझं नाव मला सांगता येईना, 'फ्रल्हाद' होतं. मीराला नावानं हाक मारून बघितली तर ती म्हणली, "आजवर कधी मारली का? आता कशाला?" अन् आत गेली.

वरण-भात. उजव्या गालात घास अडकतो, बोटानं काढावा लागतो. पंगतीला बसायचं बंद.

१९ फेब्रुवारी

गोदामातल्या प्रणालीचे तीन फोन. उचलले न्हाईत. मेसेज केला, सर्दी हाय.

तिला तोंड दाखवायचं न्हवतं. बोलून दाखवायचं पण न्हवतं.

दोन वर्षं झाली असतील. जिंतूर रोडला तिच्या आतेबहिणीचं लग्न. जनरेटर बंद पडला, डीजे गप्प, दिवसाढवळ्या सगळी वरात रस्त्यात उभी. दादानं खूण केली, काहीतरी वाजवत राहा. मी वाजवलं. कोणतं गाणं न्हाई, काही न्हाई. दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत आमी जे भरतो तेच नुसतं, एकामागं एक. जनरेटर लागला तसं बंद केलं. ही पोरगी गर्दीतनं वाट काढत आली.

"तुमी आत्ता वाजवलं ते कशातलं होतं?"

"कशातलंच न्हाई. डिझेल येईस्तोवर."

"आमाला तेच पायजे."

दिवसा ती लॅबमधी लोकांचं रक्त काढती. रविवारी बास गिटार वाजवती अन् घशातनं असा आवाज काढती की पहिल्या दिवशी मला वाटलं हिला काहीतरी चावलं. गिटारवर ओमकार, त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. ड्रमवर साद, शिकवणीत गणित शिकवतो. ग्रुपचं नाव 'भेगा'. हेवी मेटल म्हणतात त्याला. परभणीत बियाणांचं रिकामं गोदाम, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.

पहिल्या दिवशी विचारलं, मी काय वाजवू? ओमकार म्हणला, "तुमाला वाटंल ते."

बँडमधी हे मला कुणी म्हणलं न्हवतं. घरी पण न्हाई.

२० फेब्रुवारी

हललं न्हाई. उजव्या डोळ्याचं पाणी थांबंना. काल लय लिहिलं, आता हात दुखायलाय.

२४ फेब्रुवारी

अक्षूचा नांदेडहून व्हिडिओ कॉल. आमाला एकच पोरगी, हॉस्टेलला असती, तिला सांगितलं न्हवतं. फोन डाव्या बाजूला धरला. पाच मिनिटं बोललो. प-ब-म टाळून बोलायला शिकलोय, शब्द बदलून.

शेवटी म्हणली, "पप्पा, फोन सरळ धरा."

"सरळच हाय."

"पप्पा."

धरला सरळ. नंतर मीराला वेगळा फोन करून रडली म्हणं. मला रडू येईना. डावा डोळा कोरडा, उजवा तसाही गळत असतो.

२ मार्च

दादा मोटारसायकलवर बसवून बोरीच्या पुढं एका गावाला घेऊन गेला. तिथली म्हातारी लकव्याला तेल देती. चिंचेखाली चार-पाच जण बसले होते, कुणाचा हात लुळा, कुणाचं तोंड. एकमेकांकडं कुणी बघंना.

कानामागं चोळलं. "गरम लागायलंय का, बाबा?" लागायलंय म्हणलो. लागत होतं. पण हललं काय न्हाई.

येताना टपरीवर चहा. चहा हनुवटीवरनं गळ्यात चालला होता, मला पत्ता न्हाई. दादानं खिशातनं रुमाल काढून पुसला. रुमाल परत खिशात.

९ मार्च

न सांगता तिघं आले. दुपारी. मी बाहेर ओट्यावर एका क्लॅरिनेटच्या चाव्या बसवत होतो. बँडवाल्यांची मोडतोड मीच दुरुस्त करतो, तेवढं अजून चालू हाय. पळायला जागा न्हवती.

साद म्हणला, "काय मास्तर, सर्दी लयच तब्येतीनं घेतली." मंग त्याला दिसलं.

प्रणाली समोर बसली. लॅबमधी बघत असंल तसं बघितलं. "कधीपासून?" "गोळ्या कोणत्या?" "डोळ्याला पट्टी लावता ना?" सगळं विचारून झालं अन् म्हणली, "मला का सांगितलं न्हाई?"

मी म्हणलो, बोलता येत न्हाई नीट.

"मी काय भाषण मागितलं होतं का?"

मीरानं चहा आणला. मी कप घेतला न्हाई. मंग कुणीच घेतला न्हाई, साय धरली.

जाताना ओमकारनं सांगितलं. संभाजीनगरला कार्यक्रम मिळालाय, २० एप्रिल. हॉल हाय, स्टेज हाय, पाच ग्रुप. दोन वर्षं याचीच वाट बघायलो होतो चौघं. त्यानं असं सांगितलं की कुणाच्या मयतीची बातमी देतोय.

मी म्हणलो, जावा. नक्की जावा.

१६ मार्च

गोदामात गेलो. ट्रम्पेट नेलं न्हाई.

सादनं पहिला ठोका दिला अन् उजव्या कानात कुणीतरी खिळा मारल्यासारखं झालं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्याच नसेमुळं त्या कानाला आवाज मोठा लागंल. झांज वाजली की दात शिवशिवायचे. कापूस घातला, वर हात धरला. ते थांबवायलेत बघून म्हणलं, थांबू नका.

लय दुखलं. महिन्यात पहिल्यांदा काहीतरी झालं मला.

'पत्रा' वाजवलं. आमचं सगळ्यात मोठं, आठ मिनिटांचं. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली बसल्यासारखं सुरू होतं, गिटार एकदम खालच्या सुरात घासत राहती. चार मिनिटांनी सगळं बंद. फक्त साद काठ्यांचा बारीक रोल देत राहतो. मंग मी येतो. किती वेळानं, ते ठरलेलं न्हाई. कधी दोन मात्रा, कधी वीस. मी येईस्तोवर तो देत राहतो. मी आलो की गिटार माझ्या खाली हळूहळू येती, अन् मी जिकडं जाईन तिकडं तिघं.

ओमकारनं मला जुने जॅझवाले ऐकायला दिले होते पेनड्राइव्हवर. कानात घालून डबर काढत बसायचो, म्हणजे पिचलेल्या पितळेचे खड्डे. तवा कळलं, ही माणसं पण डिझेल येईस्तोवरच वाजवायलीत. फक्त त्यांचं डिझेल येतच न्हाई. त्यातनं ही जागा निघाली.

आज तिथं आल्यावर सादनं रोल दिला. दिला. दिला. मंग काठ्या खाली ठेवल्या.

"आता?" म्हणला.



१९ मार्च

हललं न्हाई.

२३ मार्च

ओमकारनं तोडगा काढला. वर्षभराचे सगळे रविवार त्याच्याकडं रेकॉर्ड हायत. त्यातनं माझे तुकडे वेगळे केले, साफ केले. पायाखाली एक डबा, बटण दाबलं की मी वाजतो.

दाबून दाखवलं. वाजलो.

चांगलं होतं. बाहेरनं कधी ऐकलं न्हवतं मी स्वतःला इतकं. हा माणूस बरा वाजवतो, असं वाटलं.

"तुमचाच आवाज हाय, मास्तर. नाव तुमचंच सांगणार स्टेजवरनं. तुमी न्हाई म्हणलात तर काढून टाकतो."

प्रणाली खाली बघत होती. साद काठीनं गुडघ्यावर मोजत होता. सोळा मात्रांनंतर डबा, असं त्यांचं ठरलं होतं.

मी म्हणलो, लावा.

घरी सांगितलं तर मीरा भांडी घासायची थांबली. "तुमी हो कसं म्हणलात?"

"न्हाई कशाला म्हणू?"

"उद्या तुमचं तोंड बरं झालं तर त्यांना तुमी कशाला पायजे?"

मला यावर काय वाटायला पायजे होतं ते कळलं. वाटलं मात्र न्हाई.

२ एप्रिल

परभणी. डॉक्टरांनी वायरी लावून बघितलं. "तुमचं हळू आहे. सोडायचं नाही." फिजिओच्या मॅडमनी गालावर बर्फ फिरवला, म्हणल्या हसायचा विचार करा. हसू नका, नुसता विचार करा. बसून विचार केला.

५ एप्रिल

मीरा बाजारात गेली तवा पेटी उघडली. पिस्टन कोरडे पडलेले. तेल दिलं. ओठ लावला. उजव्या कोपऱ्यातनं सगळी हवा भसाभसा. बोटानं कोपरा दाबून धरला अन् फुंकलं. एक सूर आला, खालचा, रेडकासारखा. ओठ तीन मोजेस्तोवर टिकला.

वळून बघितलं तर मीरा पिशवी घेऊन दारात. किती वेळची उभी होती म्हाईत न्हाई. म्हणली, "मेथी लय महाग झालीय," अन् आत गेली.

८ एप्रिल

दादानं सकाळीच ड्रेस पाठवला. सेलूतलंच लग्न. "वाजवू नको. पुढं काठी घेऊन चाल. लोकांना मास्तर दिसला पायजे."

मास्क लावून चाललो. ऊन लय. उजव्या डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून गॉगल. मास्क, गॉगल, लाल कोट, सोनेरी पट्टे. एका पोरानं मोबाइलमधी फोटो काढला.

मानवतवाला चांगला वाजवतो. सूर सरळ लावतो, जिथल्या तिथं. एक जागा मोकळी आली, मला वाटलं आता भरील. भरली न्हाई. पुढच्या ओळीवर गेला. दादाला तसंच आवडतं.

दुपारी दादानं विचारलं, "बरं वाटलं ना जरा?" हो म्हणलो.

१३ एप्रिल

शेवटची तालीम. सोळा मात्रा, डबा, बरोबर. परत, बरोबर. ओमकार खूश. प्रणालीचा घसा बसायलाय, ज्येष्ठमध चघळायलीय. साद गप्प. दोन वर्षांत हा पोरगा गप्प बसलेला बघितला न्हवता.

२० एप्रिल

ते परभणीहून बसले, मी सेलूला चढलो. मीरानं धपाटे दिले होते सगळ्यांना. साद म्हणला, काकूंना पण ग्रुपमधी घ्या.

संभाजीनगर. हॉलला एसी. सगळी पोरं-पोरी काळ्या कपड्यात, मी पांढऱ्या सदऱ्यात. आमचा नंबर दुपारी चारला, नव्यांना आधी लावतात. साउंडवाल्यानं विचारलं, यादीत ट्रम्पेट लिहिलंय, माइक कुठं लावू? ओमकारनं डब्याकडं बोट केलं. साउंडवाल्यानं माइक उचलून बाजूला ठेवला.

मी भिंतीकडंला खुर्ची घेऊन बसलो. कानात कापूस.

पहिली दोन गाणी चांगली गेली. डब्याचं काम थोडंच होतं, बरोबर आलं. शेजारच्या पोरीनं मैत्रिणीला विचारलं, "हॉर्न कोण वाजवतंय?" "कोणी नाही, ट्रॅक आहे." ट्रम्पेटला हॉर्न म्हणतात ही पोरं.

मंग 'पत्रा'.

चार मिनिटं. सगळं थांबलं. सादचा रोल सुरू. मी मोजत होतो. चौदा, पंधरा, सोळा. ओमकारनं बटण दाबलं, मी आलो.

साद थांबला न्हवता.

त्यानं मान वर केलेली होती. तालमीत मी त्याच्या डावीकडं उभा राहतो, तिकडं. तिकडं नुसता पडदा होता. त्याचा रोल चालू, अन् वरनं माझा सूर त्याला न विचारता पुढं निघाला. अरुंद गल्लीत दोन वराती समोरासमोर याव्यात तसं झालं. तो आवाज माझाच, पण तो काही ऐकत न्हवता. मी असतो तर थांबलो असतो. मागं सरकलो असतो, त्याला जागा दिली असती, त्यातनंच काहीतरी केलं असतं. डबा आपला पुढं.

प्रणालीनं बास खाली ओढला, जोरात. चार-पाच मात्रांत तिघं एका रस्त्याला आले. कुणाला कळलं न्हाई. पोरं नाचायली होती, शिट्ट्या. ट्रम्पेटला सगळ्यात जास्त शिट्ट्या.

प्रणालीनं माइकवरनं माझं नाव घेतलं. "हा आवाज प्रल्हाद मास्तरांचा." लोकांनी स्टेजवर बघितलं. कोणीच न्हवतं म्हणून टाळ्या जरा उशिरा आल्या.

हॉलच्या मागं साद ड्रमच्या पेटीवर बसला होता. ओमकार म्हणला, "सोळा ठरले होते ना?"

"मला म्हाईत हाय सोळा ठरले होते. मी गणित शिकवतो."

"मंग?"

"मी त्यांच्याकडं बघितलं." मंग माझ्याकडं वळून म्हणला, "मास्तर, हॉर्न उचलताना तुमचा खांदा वर जातो. मी आकडे मोजतच न्हाई तिथं. खांदा बघून थांबतो. डब्याला खांदा न्हाई." तोंड फिरवून पेटीचे कडीकोयंडे लावत बसला.

हॉलमधनं आणलेली खुर्ची हातात होती. ती परत नेऊन ठेवली.

२१ एप्रिल

काल गाडीतलं राहिलं लिहायचं. जूनमधी पुण्याला बोलवलंय त्यांना. तिथल्या एकानं ऐकलं, ट्रम्पेट आवडलं म्हणं.

प्रणाली म्हणली, "डबा न्हाई आणायचा. मास्तर असले तर हॉर्न, नसले तर बिगर हॉर्न."

ओमकार म्हणला, "लोकांना ते आवडलं म्हणूनच बोलवलं ना? अन् ते मास्तरांचंच हाय. तुमी मास्तरांना काढून टाकायलात, मी ठेवायलोय."

दोघांचंही बरोबर होतं. तिघं माझ्याकडं बघायला लागले. झोप आली म्हणलो अन् डोळे मिटले. डावा मिटला. उजवा उघडाच, त्यातनं जालना स्टेशन गेलेलं दिसलं.

२२ एप्रिल

मीरानं विचारलं, स्वतःला ऐकून काय वाटलं?

"काय न्हाई."

"खोटं."

"खरंच काय न्हाई."

ती रागावंल वाटलं. ती माझ्या शेजारी बसली अन् उजव्या गालावर हात ठेवला. ठेवलाय हे कळत होतं. लय वेळ तसंच बसली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी उठली न्हाई. शेवटी मीच म्हणलो, भात लागंल.

२९ एप्रिल

हललं. नाकाशेजारी, एवढंसं. फिजिओच्या मॅडमना दिसलं, मला आरशात दोनदा बघावं लागलं. मॅडमनी टाळी वाजवली.

लिहून ठेवलं.

७ मे

दादा मोटारसायकलवर मागं काहीतरी मोठं पोत्यात बांधून आला. सोडलं तर युफोनियम, पितळेचं मोठं, खालच्या सुराचं. बँडचं जुनं. वाजवणारा सोडून गेल्यापासून माळ्यावर पडलेलं. भोंग्याला दोन मोठे खड्डे.

"दुरुस्त करायला आणलं?" विचारलं.

"तुला." मंग म्हणला, "याचं तोंड मोठं हाय. ओठाला एवढा ताण लागत न्हाई. मानवतवाल्याला विचारलं मी. त्याच्या मामाचं तोंड असंच गेलं होतं."

म्हणजे बँडमधी मागं उभं राहून वाजवायचं, असं समजलो. तसं म्हणलं.

दादा अंगणाकडं बघत म्हणला, "बँडला मोठं हॉर्न लागत न्हाई आता. डीजेपुढं कोण ऐकतंय खालचा सूर." किक मारली. "तुझ्या गिरणीला लागत असंल तर बघ."

११ मे

खड्डे काढले. तीन दिवस गेले. पितळ जुनं, जाड, हलक्या हातानं ठोकावं लागतं. उजवा कान आता ठोक्याला तेवढा दुखत न्हाई. ओठाचा डावा भाग लावला, उजवा नुसता टेकवला. हवा जाती, पण सगळी न्हाई. सूर येतो. जाड, घोगरा, कडेला फाटलेला. ट्रम्पेटवर मी जिथं जायचो तिथं याला जाता येत न्हाई. दुसरीकडं कुठं जाता येतं का, म्हाईत न्हाई.

मीरा म्हणली, शेजारचे विचारायलेत, जनावर आजारी हाय का?

दोघं हसलो. ती पूर्ण, मी पाऊण.

१८ मे

रविवार. फोन न करता गेलो. पॅसेंजरमधी युफोनियमला जागा मिळंना, मांडीवर घेऊन आलो. गोदामाचं शटर अर्धं उघडं होतं, पंखा चालू. ओमकारनं बघितलं अन् गिटार खाली ठेवली. "हे काय?"

"मोठं."

"वाजतं?"

"थोडं."

प्रणालीनं बल्बखालचं स्टूल माझ्याकडं सरकवलं, उभ्यानं पेलायचं न्हाई मला ते. ओमकारनं डब्याची वायर काढून गुंडाळली, पण डबा तिथंच ठेवला.

'पत्रा' लावलं. चार मिनिटं झाली. रोल सुरू झाला. मला लगेच येता आलं न्हाई. ओठ बसंना, परत लावला, परत. सादनं दिलं, देत राहिला. तीसेक मात्रा झाल्या असतील. मंग सूर आला, गिटारच्याही खालनं. ओमकारला त्याच्या खाली जायला जागाच उरली न्हाई. तो गोंधळला अन् वर गेला. आजवर मी वर अन् तो खाली. आज उलटं. पाच-सहा मोजेस्तोवर टिकलो, मंग हवा फुटली अन् थांबलो.

तेही थांबले.

पंख्याचा आवाज येत होता. माझ्या हनुवटीवरनं लाळ गळायली होती, ती पुसली.

प्रणाली म्हणली, "परत घ्या."

परत घेतलं. मंग परत. तिसऱ्यांदा ओठ संपला.

निघताना ओमकारनं हळूच विचारलं, "मास्तर, पुण्याच्या लोकांना आज कळवायचंय. ट्रम्पेट हाय म्हणून सांगू का न्हाई म्हणून?"

मी म्हणलो, "मला विचारू नको."

"मंग कुणाला विचारू?"

खरं होतं त्याचं.

स्टेशनपर्यंत युफोनियम प्रणालीनं अन् सादनं धरून आणलं, दोन बाजूंनी. लोक बघायले होते. गाडी यायला वेळ होता. तिघं बाकड्यावर बसलो. साद बोटांनी युफोनियमच्या पोटावर काहीतरी वाजवायला लागला, हळू. प्रणालीनं विचारलं, "नीट ऐकायला येतंय का आता त्या कानानं?"

येत होतं. पण मी जरा वेळ काहीच बोललो न्हाई, म्हणून तो वाजवत राहिला.